सजीव बाहुल्या

जुहू म्हटले की नाट्यरसिकांना पृथ्वी थिएटर आठवते. १९७८ साली सुरू झालेल्या या लहानशा नाट्यगृहात प्रेक्षक कलावंताच्या अगदी निकट बसतात. परंतु त्याच्याही पुष्कळ आधी, जुहूला लागूनच असलेल्या अंधेरीत, काही तरुण कलावंतांनी नृत्याचे नवे प्रयोग आरंभिले होते.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी मुंबईत 'इप्टा' या नाट्यसंघाची स्थापना झाली. गीत, नृत्य व नाट्य यांच्या द्वारा लोकांची दुःखे लोकांपुढे मांडावीत, हा तिचा हेतू होता. तिच्या मध्यवर्ती पथकातील कलावंत अंधेरीत एकत्र राहत आणि एकत्र तालीम करीत. त्यांना नृत्य शिकविणारे कलावंत होते शांती बर्धन.

शांती बर्धन यांचा जन्म १९१६ साली बंगालमध्ये झाला. प्रसिद्ध नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील कलाकेंद्रात त्यांनी काम केले होते. अंधेरीत आल्यावर त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील लोकनृत्ये एकत्र गुंफून नृत्यनाट्ये बसविली. त्यांची कीर्ती पसरू लागली, तोच क्षयरोगाने त्यांना गाठले. शरीर हेच ज्याच्या कलेचे साधन, त्याचे शरीरच खचले! पूर्वीसारखे नाचणे आता शक्य नव्हते.

तथापि त्यांनी कलेची साथ सोडली नाही. १९५२ साली त्यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रुप' हे नृत्यपथक उभारले आणि रामायणाची कथा निवडली. कथा सर्वांना ठाऊक होती. ती सांगण्याची तऱ्हा मात्र अगदी अपूर्व होती. त्यांनी ठरविले, की नर्तकांनी माणसांसारखे नाचायचे नाही, कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचायचे!

आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर कलावंत दोऱ्यांच्या साहाय्याने लाकडी बाहुल्या नाचवितात. बाहुली हात उचलते तो सांध्यातून, झटक्याने. मान वळविते आणि एकदम थांबते. दोरी सैल पडली की खाली लवते. शांती बर्धन यांच्या नर्तकांना अशाच हालचाली करावयाच्या होत्या; त्यांना दोरी मात्र नव्हती. प्रत्येकाने आपल्या अंगातच एक अदृश्य दोरी कल्पावयाची होती. शिवाय मुद्रा मुखवट्याने झाकलेली. आपल्या अभिजात नृत्यात डोळे आणि भुवया पुष्कळ काही सांगतात. येथे तो आधारच उरला नाही. सीतेचा शोक खांद्याच्या कलण्यातून दाखवावयाचा, रावणाचा गर्व पावलांच्या ठेक्यातून. साधने जितकी कमी, तितकी साधना कठीण!

अशी ही बाहुल्यांची कथा रंगमंचावर सादर झाली आणि रसिकांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले. प्रारंभी कौतुक वाटे ते बाहुल्यांचे. हळूहळू प्रेक्षकाला बाहुलीचा विसर पडे आणि तिच्यातील माणसाचे दुःख त्याला जाणवू लागे.

यानंतर शांती बर्धन यांनी पंचतंत्रातील पशुपक्ष्यांच्या कथेवर नृत्यनाट्य रचावयास घेतले. परंतु १९५४ साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी शोक आवरला आणि ते नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी पथकाचा भार उचलला. पुढे पथक मुंबईहून ग्वाल्हेरला व नंतर भोपाळला गेले. गुल बर्धन यांनी २०१० साली आपल्या निधनापर्यंत, म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षे, हे व्रत चालविले.

बाहुलीची दोरी सूत्रधाराच्या हाती असते. तो सूत्रधार गेला. परंतु त्याच्या बाहुल्या सजीव होत्या, म्हणून खेळ थांबला नाही.