भट्टीशिवाय चॉकलेट-ओट्सची बिस्किटे : कृती आणि हिसाब

व्यापाराच्या पानावर बिस्किटाची कृती पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या मालाला भट्टी लागत नाही, विजेचा ओव्हन लागत नाही, मैदा मळावा लागत नाही आणि जो तासाभरात विकण्याजोगा तयार होतो, त्याचा विचार कारागिराने आणि दुकानदाराने केला पाहिजे. एक शेगडी, जाड बुडाचे पातेले, वजनकाटा आणि घड्याळ एवढ्यावर हा धंदा घरात सुरू होऊ शकतो. अडचण एकच आहे. कृती सोपी दिसते म्हणून लोक ती अंदाजाने करतात आणि निम्मा माल चिकट, निम्मा भुगा निघतो.

ही बिस्किटे मूळची अमेरिकेतील. तेथे काही भागांत त्यांना ‘प्रीचर कुकी’ म्हणतात. प्रीचर म्हणजे धर्मोपदेशक. तो दुरून येताना दिसला की घरच्या बाईने पातेले चढवावे आणि तो दारात येऊन बसेपर्यंत खाऊ तयार व्हावा, असे त्या नावामागचे कारण सांगतात. अचानक आलेल्या पाहुण्यासाठी आपल्याकडे शिरा होतो, तसाच हा प्रकार.

आता मापाविषयी. अमेरिकन कृतीत ‘कप’ लिहिलेला असतो. तो कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. आपल्या घरात चहाचा कप निराळा, वाटी निराळी, आणि दोन घरांतल्या वाट्याही सारख्या नसतात. कापडाच्या धंद्यात गजाचा भाव मीटरला लावला तर काय होते ते आमच्या लाइनच्या लोकांना सांगायला नको. शंभर गज म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. साडेआठ मीटरहून अधिक कापड हिशेबातून गायब! म्हणून सगळे वजनात घ्यावे. एका घाणीचे प्रमाण असे : साखर ४०० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, दूध १२० मिलिलिटर, बिनसाखरेची कोको पावडर २५ ग्रॅम, शेंगदाण्याचे लोणी म्हणजे पीनट बटर १२५ ग्रॅम, ओट्स २५० ग्रॅम आणि चमचाभर व्हॅनिला. यातून किलोभर माल होतो. तीस ग्रॅमचे एक याप्रमाणे बत्तीसच्या आसपास नग पडतात. हिशेबाला तीसच धरावेत.

ओट्स म्हणजे उर्दूतील जई. आमच्या लहानपणी ती घोड्याची खुराक म्हणून ऐकलेली, आज काचेच्या बरणीत बसली आहे. बाजारात ती तीन रूपांत मिळते. पातळ आणि लहान पाकळीची झटपट शिजणारी, मोठ्या पाकळीची, आणि तुकडा केलेली कणीदार. आपल्याला पहिलीच हवी. मोठी पाकळी चालते पण चावावी लागते. ती मिक्सरला दोन झटके देऊन घ्यावी. कणीदार मुळीच घेऊ नये, गरम पाकात ती शिजत नाही, दाताखाली खडा येतो. मसाला घातलेली पाकिटे चुकून उचलू नयेत. न भाजता ही बिस्किटे खाता येतात याचे कारण असे, की पाकळीची जई कारखान्यात वाफ देऊन मग दाबलेली असते, आणि उरलेले काम उकळता पाक करतो.

लोणी आपल्याकडे बहुधा खारे मिळते, म्हणून वरून मीठ घालू नये. पीनट बटर बाजारचे घेतले तर बहुतेक कंपन्या त्यात घट्टपणा देणारे तेल घालतात, त्यामुळे बिस्किट चांगले बसते. घरी करायचे तर दाणे भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत मिक्सरला फिरवावेत. कूट म्हणजे पीनट बटर नव्हे, ते घातले तर माल कोरडा होतो. घरचे दाण्याचे लोणी स्वस्त पडते, पण माल किंचित मऊ राहतो. गिऱ्हाईकाला तोंडावर कोणता माल दाखवायचा आणि किती भावात, यावर निवड करावी.

व्हॅनिलाबाबत आपल्या वाचकांनी बाटलीवरचे लेबल वाचावे. अमेरिकेत ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्कात तेथील सरकारी नियमानुसार किमान ३५ टक्के मद्यार्क असतो, आणि आयात मालाच्या दुकानांत असा अर्क इथेही मिळतो. आपल्याकडच्या पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. मद्यार्काची खात्री तो देत नाही. मद्यार्काशिवायचा इसेन्स मिळतो, व्हॅनिलाची पावडर मिळते. दोन्ही नसेल तर वेलचीची चिमूट टाकावी. गिऱ्हाईकाने विचारले तर बाटली दाखवता आली पाहिजे.

आता कृती. प्रथम ओट्स तोलून परातीत, पीनट बटर वाटीत, व्हॅनिला चमच्यात, असे सर्व हाताशी ठेवावे आणि ताटांवर बटर पेपर पसरून ठेवावा. पाक उतरल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. साखर आणि कोको कोरडेच मिसळावे म्हणजे गाठी होत नाहीत. त्यात दूध थोडे थोडे घालून ढवळावे, लोणी टाकावे, आणि पातेले मध्यम आचेवर चढवावे. साखर विरघळेपर्यंत ढवळत राहावे. कडेने बुडबुडे येऊ लागतील. ही उकळी नव्हे. ढवळत असतानाही सगळा पृष्ठभाग खदखदत राहिला की ती खरी उकळी, आणि घड्याळ तेव्हा सुरू करायचे. पूर्ण एक मिनिट, फार तर दीड. मग आच बंद. लगेच पीनट बटर आणि व्हॅनिला ढवळून एकजीव करावे, ओट्स घालून भराभर मिसळावे, आणि चमच्याने बटर पेपरवर टिकल्या टाकाव्यात. अर्ध्या-पाऊण तासात त्या बसतात.

या एका मिनिटावर सगळे अवलंबून आहे, म्हणून त्यामागचे कारण समजून घ्यावे. उकळताना पाकातले पाणी उडते आणि साखर दाट होत जाते. थंड झाल्यावर ही जादा साखर बारीक दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते, ओट्स उरलेले पाणी शोषतात, लोणी गोठते, आणि वडी बसावी तसे बिस्किट बसते. उकळी कमी पडली तर पाणी राहते आणि माल रात्रभर ठेवला तरी बोटाला चिकटतो. जास्त झाली तर पाणी फारच उडते आणि टिकली पडायच्या आतच पातेल्यात भुगा होतो. ज्या घरात चिक्की आणि वड्या होतात तेथील बायकांना हे नवे नाही. एकतारीच्या पुढचा आणि मऊ गोळीच्या जरा अलीकडचा पाक असे म्हटले की त्यांना कळते. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकावा. तो विरघळून न जाता बोटांनी गोळा होऊ लागला की पुरे. तापमापक असेल तर मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात ११० अंश सेल्सियसच्या सुमारास थांबावे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. म्हणून पुण्यात हाच पाक १०८ अंशांवर तयार समजावा.

माल मऊ राहिला तर तो पुन्हा उकळत बसू नये, ओट्सचा चिखल होतो. फ्रिजमध्ये कडक करून घरी खावा. कोरडा पडत असेल तर चमचाभर गरम दूध शिंपडून पातेल्यातच हलवावा. ही मलमपट्टी घरापुरती. असा माल डब्यात भरू नये.

हवामान हा या धंद्यातला दुसरा मालक. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्या स्वयंपाकघराचे तापमान तेवढे सहज असते. उन्हाळ्यात टिकल्या फ्रिजमध्येच बसवाव्या आणि पोहोचही सकाळी किंवा रात्री करावी. पावसाळ्यात साखर हवेतले पाणी ओढते; त्या दिवसांत उकळी पाव-अर्धा मिनिट अधिक द्यावी आणि माल थंड होताच हवाबंद डब्यात टाकावा. यात दूध आहे हे विसरू नये. थंडीत खोलीत तीन-चार दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे, याच्या पुढचा वायदा गिऱ्हाईकाला करू नये. आणि आपल्या कापडवाल्या बंधूंना एक खास सूचना : दुकानाच्या कोपऱ्यात ही बिस्किटे ठेवायची असतील तर डांबरगोळ्या, अत्तर, साबण यांपासून दूर. लोणी वास फार लवकर धरते.

हिसाब कसा मांडावा ते आता पाहू. खालील भाव केवळ हिशेबासाठी धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजाराचे घालावेत. साखर किलोला ४५ रुपये धरली तर १८ रुपये. ओट्स २०० रुपये किलोने ५०. लोणी ५६० रुपये किलोने ६४ रुपये ४० पैसे. दूध ६० रुपये लिटरने ७ रुपये २० पैसे. कोको १००० रुपये किलोने २५. पीनट बटर ३२० रुपये किलोने ४०. एकूण २०४ रुपये ६० पैसे. व्हॅनिला, गॅस, बटर पेपर मिळून १५ धरा, म्हणजे घाणीला २२० रुपये. तीस नगांचे अडीच डझन. डझनाला ८८ रुपये. डबा आणि लेबल १२. झाले १००.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि इथेच त्यांचा धंदा बुडतो. ज्या भाभीने तासभर उभे राहून पाक ढवळला, भांडी घासली, डबे भरले, तिची मजुरी कुठे आहे? शिलाईचा कारागीर नगावर मजुरी घेतो, रंगारी घेतो, मग घरची बाई फुकट का? तासाला १०० रुपये धरले तर डझनाला ४० पडतात. त्यावर खराब मालाची पाच टक्के तूट मांडा. १४७ रुपये ही तुमची खरी पडतळ. १३० ला विकून ‘तीस रुपये सुटले’ म्हणणारा माणूस आपल्याच घरातून १७ रुपये काढून गिऱ्हाईकाला देत असतो. दुकानात ठेवायचा तर दुकानदाराचे कमिशन यावर वेगळे.

कोकोच्या भावावर नजर ठेवावी. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन आफ्रिकी देशांत पीक कमी आल्याने २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोच्या बिया टनाला १० हजार डॉलरच्याही वर गेल्या होत्या. अशा वेळी कोको कमी करून तपकिरी रंग घालणारे निघतात. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. त्यापेक्षा नग २५ ग्रॅमचा करावा आणि डब्यावर वजन तसे स्पष्ट लिहावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो. छोट्या व्यावसायिकाला परवाना नव्हे, नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले होते. यांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करताना सरकारी पोर्टलवर त्या दिवशीचा नियम पाहावा. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व कधीपर्यंत वापरावे याची तारीख, पत्ता आणि हिरवे चिन्ह लेबलावर हवे. दूध, शेंगदाणे आणि ओट्स आहेत हे ठळक लिहावे. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतते.

ओट्स आहेत म्हणून ‘आरोग्यदायी’ किंवा ‘शुगरवाल्यांसाठी’ अशी पाटी मात्र लावू नये. एका नगात साडेबारा ग्रॅम साखर आहे, म्हणजे सुमारे तीन लहान चमचे. मिठाई म्हणूनच विकावी.

उधारीबद्दल शेवटचे. कापडाचे थान विकले गेले नाही तर पुढच्या हंगामात कटपीस म्हणून उठते. हा माल उठत नाही. म्हणून सुरुवातीला फक्त ऑर्डरीवर आणि नगद करावे, दुकानात ठेवलाच तर सहा डब्यांपेक्षा अधिक नको, आणि तारीख उलटलेला डबा कोण सोसणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. एक वही ठेवावी. प्रत्येक घाणीची तारीख, हवा, उकळीची मिनिटे, नग किती आले, किती टाकले. वीस घाण्या झाल्या की आपल्या शेगडीचे आणि आपल्या पातेल्याचे नेमके मिनिट त्या वहीत सापडते.