मशीन का थांबले?

मुलांनो, कपडे धुण्याच्या यंत्राला पुस्तकात 'धुलाई यंत्र' म्हणतात. घरात मात्र सगळे 'मशीन' म्हणतात. आपणही या पाठात मशीनच म्हणू.

मशीन चालू असते तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ते मध्येच थांबले, की सारे घर त्याच्याभोवती जमते. आत अर्ध्या धुतलेल्या चादरी, वर साबणाचा फेस आणि टबभर पाणी! कोणी झाकण आपटतो. कोणी बटण चार वेळा फिरवतो. दादी म्हणते, "आधी कारागिराला बोलवा." पुष्कळदा मशीन बिघडलेले नसते. काहीतरी अडल्यामुळे ते थांबलेले असते. काय अडले ते शोधायला डोळे आणि कान पुरतात.

पण आधी एक नियम. मशीनच्या आत हात घालण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि प्लग काढावा. हे काम मोठ्या माणसाने कोरड्या हातांनी करावे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची असते आणि मोरीजवळची फरशी बहुधा ओली असते. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ते मुळीच वापरू नये. अशा वेळी अर्थिंगमध्ये किंवा आतल्या तारांमध्ये दोष असू शकतो. प्लगची जाड, लांब पिन अर्थिंगची असते. दोन छिद्रांच्या सॉकेटात प्लग बसावा म्हणून काही लोक ती पिन कापून टाकतात. हा जिवाशी खेळ आहे.

आपल्याकडे अनेक घरांत दोन टबांचे मशीन असते. एका टबात कपडे धुतात आणि दुसऱ्यात पिळतात. या दुसऱ्या टबाला आपण 'ड्रायर' म्हणतो. हा ड्रायर कपडे तापवत नाही, फक्त जोरात फिरवतो. मिनिटाला साधारण 1,300 फेरे! ओल्या दुपट्ट्याचे टोक धरून तो गरगर फिरवला, तर थेंब कसे दूर उडतात? ड्रायरमध्येही तसेच होते. पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते आणि कपडे आत राहतात.

आता समजा, धुण्याच्या टबात पाणी साठतच नाही. तेव्हा आधी वरचे बटण पाहावे. ते पाणी सोडण्याच्या खुणेवर राहिले असेल, तर एकीकडून आलेले पाणी दुसरीकडून निघून जाते. उलट, पाणी बाहेर जातच नसेल, तर खालचा पाइप पाहावा. या मशीनमध्ये बहुधा पंप नसतो. पाणी केवळ उतारामुळे वाहते. म्हणून पाइप जमिनीवर सरळ पडलेला हवा. तो बादलीच्या काठावर टेकवला, की पाणी आतच राहते.

मशीन घूं घूं करते, पण खालची चकती फिरत नाही, तेव्हा बटण लगेच बंद करावे. अडकलेली मोटर फार लवकर तापते. एक तर कपडे जास्त झालेले असतात किंवा सलवारीची नाडी, मोजा, एखादे नाणे चकतीखाली गेलेले असते. मशीनवर लिहिलेले 6 किंवा 7 किलो हे वजन कोरड्या कपड्यांचे असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अनेक मोटरींमध्ये उष्णतेने उघडणारा एक खटका असतो. मोटर फार तापली, की तो वीज तोडतो आणि ती थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. त्यामुळे अर्धा तास वाट पाहिल्यावर मशीन आपोआप बरे झाल्यासारखे वाटते. कपडे कमी केले नाहीत, तर ते पुन्हा थांबते.

ड्रायर धडधडत असेल, तर कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. ते काढून चारी बाजूंनी सारखे दाबून बसवावेत आणि त्यांवर प्लॅस्टिकची जाळी ठेवावी. ड्रायर फिरतच नसेल, तर झाकण नीट लागले आहे का ते पाहावे. झाकणाखाली एक खटका असतो. झाकण उघडले, की वीज तुटते आणि ब्रेक लागतो. खटका बिघडला, की काही जण त्यात काडी खुपसून ड्रायर उघडाच चालवतात. असे कधीही करू नका. फिरत्या टबातल्या दुपट्ट्यात बोटे गुंतली, तर हात सोडवायला वेळच मिळत नाही. झाकण उघडल्यावर 15 सेकंदांत टब थांबला नाही, तर ब्रेक झिजला आहे असे समजावे आणि ड्रायर वापरणे बंद करावे.

पूर्ण स्वयंचलित मशीनची गोष्ट वेगळी आहे. त्यात छोटासा संगणक असतो. काही अडले, की तो पडद्यावर दोन अक्षरे दाखवतो. एलजी कंपनीच्या मशीनवर 'आयई' दिसले, तर पाणी आत येत नाही. 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही. 'यूई' म्हणजे कपडे एका बाजूला गेले आहेत आणि 'डीई' म्हणजे दार नीट लागलेले नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या खुणा वेगळ्या असतात. त्या मशीनसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. ती पुस्तिका रद्दीत देऊ नये!

पाणी येत नसेल, तर तोटी उघडी आहे का, गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का, हे आधी पाहावे. मग तोटी बंद करून मशीनमागची नळी सोडवावी. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिच्यात वाळू आणि क्षार अडकतात. जुन्या टूथब्रशने ती साफ होते. पाणी जात नसेल, तर समोर दार असलेल्या मशीनच्या तळाशी एक छोटे झाकण असते. त्यामागे पंपाची जाळी असते. ती उघडण्याआधी पाणी पसरट भांड्यात काढावे. गरम पाण्याने धुणे चालू असेल, तर ते आधी निवू द्यावे. या जाळीत नाणी, गुंड्या आणि केसांच्या पिना सापडतात. या मशीनला पंप असल्यामुळे त्याच्या पाइपाचे टोक उंच ठेवावे लागते, दोन टबांच्या मशीनच्या अगदी उलट.

अडथळा दूर झाला, की मशीन 'रीसेट' करावे. ते बंद करून प्लग काढावा, 5 ते 10 मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा सुरू करावे. इतका वेळ का? प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत थोडी वीज साठलेली असते. ती ओसरली, की संगणक नव्याने सुरू होतो. दोन टबांच्या साध्या मशीनमध्ये संगणक नसतो, म्हणून रीसेट करण्यासारखे काही नसते. रीसेट केल्यावर तीच अक्षरे पुन्हा आली, तर अडथळा अजून आहे किंवा एखादा भाग खराब झाला आहे. उर्दूत ज्याला आपण 'मरम्मत' म्हणतो, ती मराठीत 'दुरुस्ती'. हा शब्दही फारसीतल्या 'दुरुस्त'वरून आला आहे. रीसेट केल्याने दुरुस्ती होत नाही. कारागीर आला, की त्याला ती दोन अक्षरे आणि मशीन कोणत्या वेळी थांबले, हे सांगावे. त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.

गरम हवेने कपडे वाळवणारे ड्रायर आपल्याकडे कमी, अमेरिकेत घरोघरी दिसतात. कपड्यांतून निघालेला तंतूंचा कापसासारखा थर त्यांच्या जाळीवर साचतो. तो प्रत्येक वेळी काढावा लागतो. न काढल्यास हवा अडते, ड्रायर तापतो आणि हा थर पेट घेऊ शकतो. 2008 ते 2010 या काळात अमेरिकेतल्या घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे 2,900 आगी लागल्या. पुष्कळ ड्रायरमध्ये यासाठी एक फ्यूज असतो. उष्णता फार वाढली, की तो वितळतो. त्याला रीसेट नाही. कारागीर नवा फ्यूज बसवतो. पण हवेचा मार्ग साफ केला नाही, तर तोही वितळतो.

स्वाध्याय

1. ड्रायरच्या झाकणाखालचा खटका कशासाठी असतो?
2. दोन टबांच्या मशीनचा पाइप जमिनीवर का ठेवावा?
3. 'मशीन घूं घूं करते, पण फिरत नाही.' याची दोन कारणे लिहा.
4. बंद, सुरू, दुरुस्त हे शब्द उर्दूत कसे लिहितात? प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.