बाळाचा बाप्तिस्मा कुठं करायचा?

अगं, एवढीशी पोर आणि तिच्यावरून तीन घरांत तीन मतं! सासूबाई म्हणतात, वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये पुढच्याच महिन्यात करून टाकू. आई म्हणते, नगरला आपल्याच मंडळीत, जिथं तुझा झाला तिथंच. आणि मावशी तिच्या नव्या चर्चमधून फोन करून सांगते, की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणं वचनात बसतच नाही, मोठी झाली की तिचं ती घेईल. तू मात्र मधल्यामधे रडत बसलीस. आधी डोळे पूस आणि माझं ऐक.

तिघींपैकी एकीलाही वेड्यात काढू नकोस. सासूबाईंच्या चर्चचं म्हणणं असं, की देवाची कृपा आधी येते आणि माणसाची समज मागाहून. मग बाळाला कशाला ताटकळत ठेवायचं? आपल्याकडंही लहानपणीच बाप्तिस्मा होतो आणि समज आल्यावर दृढीकरणात आपण स्वतःच्या तोंडानं होकार देतो. मावशी म्हणते, आधी पश्चात्ताप, आधी विश्वास, मग पाणी, आणि तेही पूर्ण बुडवून. येशू स्वतः यार्देनेत उतरला तेव्हा मोठा माणूस होता, हा तिचा दाखला आहेच. केरळातल्या ऑर्थोडॉक्स लोकांत तर बाप्तिस्मा, तैलाभ्यंग आणि प्रभुभोजन हे सगळं तान्ह्या बाळाला एकाच विधीत मिळतं. आणि आपल्या नगरची मुक्तिफौज? तिथं पाण्याचा विधीच नाही. बाळाला झेंड्याखाली देवाला समर्पण करतात. त्यांना कुणी ख्रिस्ती नाही म्हणतं का?

आपल्या चर्चनं हा वाद किती समजुतीनं मिटवला, ते तुला ठाऊक असायला हवं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपली सी.एन.आय., झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि मोठेपणीच द्यावा असं मानणारे बाप्टिस्टही होते. कुणालाही आपली रीत सोडायला लावली नाही. दोन्ही चालतील, असं ठरलं.

मला मात्र या बाबतीत पंडिता रमाबाई सगळ्यांत जवळच्या वाटतात. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केवढ्या विदुषी, शास्त्रं कोळून प्यालेल्या, नवरा गेलेला, परका मुलूख. प्रत्येक गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय ही बाई पुढं पाऊल टाकणारी नव्हती. चर्चमध्ये आल्यावरही तिथल्या सिस्टरांशी त्या सिद्धांतांवरून वाद घालत राहिल्या. आणि त्याच विधीत त्यांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला, जेमतेम अडीच वर्षांची पोर. आई स्वतःच्या विचारानं पाण्यापाशी आली आणि लेक आईच्या विश्वासावर. मावशीचं म्हणणं आणि सासूबाईंचं म्हणणं, दोन्ही त्या एका दिवसात मावलं बघ. पण त्या लेकीच्या मागं अशी आई उभी होती, हे विसरू नकोस. बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे आईबापांनी घेतलेली शपथ असते.

म्हणून कुठलं चर्च हे ठरवण्याआधी, पोरीला प्रार्थना कोण शिकवणार, दर रविवारी तिचं बोट धरून कुठं नेणार, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. तुमच्या लग्नाआधी तुझ्या नवऱ्यानं फादरांपुढं वचन दिलंय, की मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा मिळावा म्हणून आपल्याकडून होईल तेवढं करीन. ते तुला तेव्हाच सांगितलं होतं. आता ते कानाआड करू नकोस. राहता तुम्ही वसईत, मिस्साला तूही जातेस. मला विचारशील तर वसईलाच होऊ दे. आईला मी समजावते.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. सगळ्यांचं मन राखायचं म्हणून इथं एकदा आणि नगरला पुन्हा एकदा, असं नाही. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला आपल्याकडचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मानतं, म्हणून तर तुला लग्नाच्या वेळी पुन्हा घ्यायला लावला नाही. दुसऱ्यांदा दिला तर पहिला खोटा होता असं म्हटल्यासारखं होतं. कुणी गुपचूप घरीच डोक्यावर पाणी घालू म्हणालं तरी नाही म्हण. जिवावर बेतलं असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. धडधाकट बाळाला त्याची गरज नाही. सासूबाईंना भीती असेल की मधेच काही झालं तर पोरीचं कसं होणार, तर त्यांना सांग, 2007 साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगानंच म्हटलंय की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. घाईनं तारीख काढायला नको.

विधीला बाळाचं पोट भरलेलं असू दे. झबलं पुढून उघडणारं घाल, कारण तेल छातीलाही लावतात. मग तीनदा पाणी, टाळूला सुगंधी तेल, पांढरं वस्त्र, आणि मोठ्या ईस्टरच्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. ती तुझा नवरा किंवा गॉडफादर धरेल. त्याआधी फादर कपाळावर क्रूस काढतील आणि मग तुम्हा दोघांनाही काढायला सांगतील. तो हात घाईनं फिरवू नकोस.

आणि गॉडमदर मीच व्हावं, हा तुझा हट्ट सोड. त्यांच्या नियमानं ती कॅथलिकच लागते, दृढीकरण झालेली. तुझ्या नणंदेला विचार, तिचा पोरीवर जीव आहे. एक कॅथलिक गॉडपेरंट असेल तर माझ्यासारखीला शेजारी साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. फादरांना आत्ताच विचारून ठेव, म्हणजे रजिस्टरमध्ये माझं नाव त्या रकान्यात घालतील. तारीख ठरली की कळव, मी आईलाच घेऊन येते.