ध्यान एकट्याने सुटते, सोबतीने टिकते

आपल्या घरांत बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील लहान मुलांनाही पाठ असते. पण दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे पाहणे मात्र होत नाही. कोणी सुरू केलेच, तर आठवडाभरात सुटते. यावरचा उपाय आपल्या विहारातच आहे.

आनापानसती म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव ठेवणे. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचाही नाही. कर्जाची चिंता, घरातले भांडण, कामावरचा अपमान डोक्यात फिरत राहतो आणि झोप उडते. मन तिकडे गेले की ते ओळखायचे आणि पुन्हा श्वासावर आणायचे. मन भटकणे ही चूक नव्हे. त्याला परत आणणे हाच सराव. ध्यान म्हणजे अन्याय निमूट सोसणेही नव्हे. डोके शांत असले की हक्काची लढाई नेटाने लढता येते.

भंडारदऱ्याहून घोटीमार्गे इगतपुरी फार लांब नाही. तेथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे होतात. फी नसते. तिथेही रोज तीन वेळा एकेक तास सर्वांनी एकत्र बसायचे असते. घरी परतल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ बसावे आणि आठवड्यातून एकदा इतर साधकांसोबत बसावे, असे सांगितले जाते. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी सुरू केलेला वर्गही आठ आठवड्यांचा आहे: आठवड्यातून एकदा गटात, बाकी दिवस घरी. दोन्हीकडे सोबतीवर भर आहे.

रोजंदारीवर जाणाऱ्याला दहा दिवस काढणे जड जाते. म्हणून वस्तीतच सुरुवात करावी.

१. पाच-सहा जण ठरवा. वार आणि वेळ पक्की करा. आवणीच्या दिवसांत अंग थकलेले असते, तेव्हा रात्री जेवणाआधीची वेळ बघा.

२. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटे बसा. मग हळूहळू वाढवा.

३. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून बसा.

४. घरी रोज एकाच वेळी बसा. त्या वेळी मोबाईल बंद, टीव्ही बंद. बाईला बसायचे असेल तर तेवढा वेळ चूल आणि लेकरे घरातल्या दुसऱ्याने सांभाळावीत.

५. कोणी दोन वेळा आले नाही तर रागावू नका. घरी जाऊन विचारपूस करा. खंड पडला तरी पुन्हा यायला लाज वाटता कामा नये.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा वाचनाआधी दहा मिनिटे बसले तर वेगळी सभा भरवावी लागत नाही. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, एवढ्या तीन महिन्यांत सवय लागते.

एक सावधगिरी: ध्यान हे औषध नव्हे. बीपी, शुगर, फिट किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मोठा मानसिक आजार असेल तर लांब शिबिराआधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका. डोळे मिटल्यावर भीती वाढत असेल तर डोळे उघडा, थांबा, गटाला सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की लगेच उठू नका. दहा मिनिटे एकत्र बसा.