माती चेहऱ्याला, जखमेला नव्हे

गेल्या पावसाळ्यात कामथडीच्या माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आले. बांधावरचे गवत कापताना विळा पायाला लागलेला आणि जखमेवर ओली माती थापलेली. "डॉक्टरसाहेब, मातीनं रक्त थांबतं ना?" त्यांनी विचारले.

मातीला गुण आहेच. उरुळी कांचनच्या, गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात मातीपट्ट्यांचा उपचार होतो. आपली मुलतानी माती काय किंवा फ्रान्समधील हिरवी माती काय, दोन्ही त्वचेवरचे तेल शोषतात. हिरवा रंग येतो तो त्यातील लोहामुळे. तेलकट चेहऱ्यावर आठवड्यातून एकदा पातळ लेप लावावा व कडक वाळण्याआधी धुवावा. कोरडी त्वचा किंवा इसब असल्यास टाळावा.

परंतु धनुर्वाताचे जंतू मातीत बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून जखम, भाजलेली जागा व बाळाची नाळ यांना माती कधीही लावू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, स्वच्छ फडके दाबून धरावे आणि त्याच दिवशी धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरांना दाखवावे.

त्या शेतकऱ्यांची जखम धुण्यास मला टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला. वेळेवर आले, म्हणून पाय व प्राण दोन्ही सुखरूप राहिले.