सांचोचं गाढव गेलं कुठे?

प्रश्न : सर्व्हांटिसची ‘डॉन किहोते’ ही कादंबरी संपूर्ण वाचायला घेतली आहे. पवनचक्क्या केव्हाच मागे पडल्या, आता डोंगर लागलाय आणि इथे गाडी अडली. किहोतेचा सेवक सांचो याचं गाढव चोरीला जातं, तो धाय मोकलून रडतो. आणि थोडं पुढे वाचावं तर स्वारी त्याच गाढवावर बसून चाललेली! माझंच लक्ष उडालं, की अनुवादकाची डुलकी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं लक्ष शाबूत आहे आणि अनुवादकही निर्दोष. घोळ मुळातलाच आहे, चारशे वर्षांपूर्वीचा.

पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये हुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यात छापला गेला. त्यात चोरी सांगितलेलीच नव्हती. पंचविसाव्या प्रकरणात गाढव नाही एवढं कळतं आणि पुढे ते आपलं पुन्हा हजर! प्रकरणं मागेपुढे हलवताना तो प्रसंग गळला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुस्तक धडाक्याने खपलं. त्याच वर्षी माद्रिदमध्येच दुसरी आवृत्ती निघाली, तीत दोन ठिगळं लागली : तेविसाव्या प्रकरणात हिनेस दे पासामोंते गाढव पळवतो, तिसाव्यात ते परत मिळतं. (या हिनेसला आपल्या सरदारसाहेबांनीच, म्हणजे डॉन किहोतेनेच, नुकतं बेड्यांतून सोडवलेलं असतं. उपकाराची फेड!) पण ठिगळापुढची जुनी वाक्यं तशीच राहिली, म्हणून चोरीनंतरही सांचो गाढवावरच. १६०८च्या आवृत्तीत आणखी डागडुजी झाली. आजचे काही अनुवादक पहिली छपाई प्रमाण मानतात, काही ही ठिगळं मजकुरात घेतात. तुमची प्रत दुसऱ्या प्रकारची दिसते.

एरवी लेखक असल्या चुकीवर गुपचूप पांघरूण घालतो. सर्व्हांटिसने १६१५च्या दुसऱ्या भागात तिचाच प्रसंग केला. तिथे पहिला भाग पात्रांच्या गावात येऊन पोचलेला आहे, लोकांनी तो वाचलाय आणि सान्सोन कारास्को नावाचा पदवीधर नेमका तुमचाच प्रश्न सांचोला विचारतो. मग सांचो सांगतो, की आपण गाढवावर बसल्या बसल्या झोपलो होतो. चोराने खोगिराला चार बाजूंनी चार खुंटांचा टेकू दिला आणि खालून गाढव अलगद काढून नेलं. (ही युक्तीही जुन्या इटालियन वीरकाव्यांतून उचललेली, तिथे घोडा जातो.) आणि मग पुस्तकात तो पुढे गाढवावर कसा? ही हकिकत लिहिणारा इतिहासकार चुकला असेल, नाहीतर छापणाऱ्याचा निष्काळजीपणा, म्हणून सांचो मोकळा!

तेव्हा चौकटी जुळवत बसू नका, पुढे चला. दुसऱ्या भागाचं चौथं प्रकरण मात्र सावकाश वाचा. डोंगरात सापडलेल्या शंभर एस्कुदो नाण्यांचं काय झालं, हेही कारास्को तिथे खोदून विचारतो. सांचो उखडतो : बायकापोरांवर खर्च केले, कुणाला काय करायचंय? या भटकंतीत खाल्लेल्या फटक्यांचा हिशेब फटक्याला चार माराव्हेदी, म्हणजे अगदी किरकोळ नाणी, धरून मांडला, तरी आणखी शंभर एस्कुदोंत निम्मेसुद्धा फिटायचे नाहीत.