घरगुती भट्टी आणि न लिहिलेला खर्च

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पादनखर्चाचे दोन प्रकार दिलेले असतात. पैसे मोजून द्यावा लागतो तो प्रकट खर्च आणि स्वतःच्या घरचे, स्वतःच्या हातचे म्हणून ज्याचे पैसे कुणालाच द्यावे लागत नाहीत तो अप्रकट खर्च. परीक्षेत यावर पाच गुणांची टीप येते, ती आपण लिहितो आणि विसरून जातो. मला मात्र ही टीप गेले वर्षभर विसरता आलेली नाही, कारण आमच्या खोपोलीच्या घरात ती रोज सकाळी नानकटाईच्या रूपाने पत्र्यावर मांडली जाते.

वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडल्यापासून आईने घरगुती भाजकामाचा व्यवसाय सुरू केला. प्रस्तुत लेख त्या व्यवसायाच्या हिशेबाविषयी आहे. पण हिशेबाकडे वळण्यापूर्वी या धंद्याच्या कुळाविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते.

भट्टीत भाजणे ही आपली पद्धत नव्हे, असा एक समज आहे. पाव पोर्तुगिजांबरोबर आला हे खरे. गोव्यातला पदेर आजही त्याची साक्ष देतो. परंतु निखाऱ्यावर भाजणे दक्षिण कोकणाला परके नव्हते. आईचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. तिकडे पावसाळ्याच्या अखेरीस तवशी पिकली की धोंडस करतात. तवसे किसायचे, त्याच्याच पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा आणि गूळ शिजवायचा, ओले खोबरे, काजू, वेलची घालून जाड बुडाच्या टोपात थापायचे आणि झाकणावर निखारे ठेवायचे. खालून मंद विस्तव, वरून निखारे. वरखाली आच असलेली आजची विजेची भट्टी याहून निराळे काय करते? पाठारे प्रभूंचे भानोलेही पूर्वी याच रीतीने होई. आई विजेची भट्टी पहिल्याच दिवशी सराईतपणे वापरू लागली याचे शेजाऱ्यांना नवल वाटले, मला वाटले नाही.

नानकटाईची गोष्ट वेगळी. तिचा उगम सुरतेकडचा सांगतात. डच व्यापारी गेल्यावर त्यांची भट्टी पारशी दोटीवाला कुटुंबाकडे आली आणि तिथून हा प्रकार रूढ झाला, अशी हकिकत आहे. आपल्याकडे दिवाळीच्या आधी बायका मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जात, आपल्या देखत पत्र्यावर नानकटाई मांडून घेत आणि भाजणावळ देऊन डबा घरी आणीत. म्हणजे कृती घरची आणि भट्टी परक्याची. घराघरांत विजेच्या भट्ट्या आल्या तशी ही भाजणावळ कमी झाली आणि आईसारखीला भट्टीही घरचीच झाली.

कुटुंबाच्या परंपरेवर सबंध धंदा कसा उभा राहतो याचे उत्तम उदाहरण दक्षिणेकडून आपल्याकडे आले आहे. मुंबई-पुण्याच्या उपनगरांतून 'अय्यंगार बेकरी' अशी पाटी नसलेला भाग क्वचितच सापडेल. या बेकऱ्यांचे मूळ कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातील गावांत आहे. 1898 साली तिरुमलाचार यांनी बंगळूरच्या चिकपेठेत बी. बी. बेकरी काढली आणि पुढे त्या भागातील नात्यागोत्यांतून हा धंदा पसरत गेला. भाचा मामाच्या बेकरीत राबतो, हात बसला की दुसऱ्या गावी स्वतःची पाटी लावतो. अंडे न वापरण्याचा सोवळेपणा इथे धंद्याच्या आड न येता धंद्याची ओळख ठरला. आमच्याही घरी 'बिनअंड्याचे' एवढ्या एका शब्दावर निम्मे गिऱ्हाईक येते.

आता पदार्थाविषयी. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतेच. मैद्याच्या कणाभोवती तुपाचे मोहन चढले की त्यात चिकटपणा धरत नाही, म्हणून ती खुसखुशीत होते आणि कोरड्या हवेत पंधरा-वीस दिवस सहज टिकते. धोंडसात तवशाचे पाणी, गूळ आणि ओले खोबरे. ते दोन दिवसांत संपवावेच लागते. यातून व्यवहाराचा नियम आपोआप निघतो. धोंडस केवळ मागणीप्रमाणे, श्रावणापासून गणपतीपर्यंत. नानकटाई बाराही महिने. पण बोरघाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर हवा अशी ओली असते की उघडा डबा तासाभरात सादळतो. त्यातच वीज गेली तर अर्धवट भाजलेला पत्रा वाया जातो. 1915 पासून ज्या गावातले टाटांचे वीजकेंद्र मुंबईला वीज पुरवीत आले, त्या गावात मेणबत्ती लावून भट्टीकडे बघत बसणे ही गंमत आम्हांलाच ठाऊक!

कायद्याचा भाग फार अवघड नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली घरगुती उत्पादकालाही नोंदणी करावी लागते. 2011 च्या नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये शुल्क ठेवले होते. चौदा आकडी क्रमांक, घटकपदार्थ, तयार केल्याची तारीख आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका पाकिटावर छापला की सांगता येण्याजोगा धंदा झाला.

खरा प्रश्न गेल्या श्रावणात उभा राहिला. शीळफाट्याजवळच्या एका दुकानदाराने दर आठवड्याला वीस किलो नानकटाई मागितली. भाव किलोला 180 रुपये, पैसे महिनाअखेर. धाकट्या बहिणीच्या शिकवणीची फी भरायची होती, तेव्हा वडील म्हणाले, "बांधलेले गिऱ्हाईक आहे, घेऊन टाका." आई गप्प राहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

आमच्या वहीतले आकडे असे. एका घाण्याला मैदा एक किलो 45 रुपये, वनस्पती तूप सहाशे ग्रॅम 90, साखर सहाशे ग्रॅम 27, वेलची-जायफळ-सोडा 18. वीज 20, पाकिटे व चिठ्ठ्या 20, तुटफूट आणि भट्टीची झीज 30. एकूण 250. भाजून माल उतरतो दोन किलोच्या आसपास आणि मळण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत साडेतीन तास लागतात. घरून आम्ही 240 रुपये किलोने विकतो, म्हणजे 480 आले, 230 उरले. या 230 ला घरात सगळे 'नफा' म्हणत. वस्तुतः तो नफा नाही, ती आईची मजुरी आहे. तासाला साधारण 65 रुपये.

आता दुकानाच्या भावाने पाहू. 360 आले, 110 उरले. तासाला 31 रुपये. घरून आठवड्याला आठ किलो जाते, त्याचे चौदा तास आणि 920 रुपये. दुकानाचे वीस किलो म्हणजे पस्तीस तास आणि 1,100 रुपये. ते घेतले तर घरचे गिऱ्हाईक सांभाळायला हात उरत नाहीत. म्हणजे एकवीस तास जास्त राबून हाती जास्तीचे पडणार 180 रुपये! वडिलांनी आक्षेप घेतला की तुपाचा डबा आणि मैद्याचे पोते घाऊक आणले तर घाण्यामागे पंधरा रुपये वाचतील. तेही धरले. दहा घाण्यांचे 150 मिळवून 330 झाले; वाढीव तासाला सोळा रुपयेही पडत नाहीत.

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होते, कारण काम तेच राहते पण पगार थांबतो. आमच्या वहीत याहून वेगळे काय चालले होते? 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन 'लिज्जत'चा पापड सुरू केला. त्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट त्यांची आजची उलाढाल नव्हे. लाटणारीच्या हातावर लाटणावळ आधी ठेवायची आणि मग उरेल त्याला नफा म्हणायचे, ही आहे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेही गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांसाठी, ज्यांच्या राबण्याला घरकामाखेरीज नाव नव्हते.

हे सारे मी आईला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, पण माझी सरासरी तिला पसंत पडली नाही. "तास सगळे सारके नसतत रे झिला," ती म्हणाली, "सकाळचो वेगळो, रातचो वेगळो." दुपारी दोन ते पाच तिला एरवी काही काम नसते, ते तास ती तीस रुपयांनाही द्यायला तयार आहे. रात्रीचे, पाठ दुखत असतानाचे तास ती साठालाही देणार नाही. पाठ्यपुस्तकात श्रमाची किंमत अशी घड्याळाप्रमाणे बदलत नाही. ती बदलायला हवी, असे माझे मत त्या दिवसापासून झाले आहे. आमच्या सरांना ते पूर्णपणे मान्य नाही, त्यांच्याशी वाद अजून चालू आहे.

दुकानदाराला आईने आठवड्याला चार किलो देऊ केली. दुपारच्या दोन घाण्यांची. भाव 200, पैसे माल उचलताना. त्याने आठ दिवस कुरकुर करून कबूल केले. फीचा पहिला हप्ता त्यातून गेला, दुसरा धोंडसातून. वहीत आता एक नवा रकाना आहे, 'आईचे तास'. तो ती स्वतः भरते, आणि भरताना दुपारच्या तासांपुढे दु. आणि रात्रीच्या तासांपुढे रा. असे लिहिते.